गणपतीचे डोळे मी डाव्या हाताने आखतो

तुम्ही लिहिलंय की तुम्ही मातीची भांडी घडवता, आता विकायलाही लागलात, आणि कुणीतरी सल्ला दिलाय की कारागिराने स्वतःबद्दलच्या, लोकांना ठाऊक नसलेल्या पाच गोष्टी गिऱ्हाइकाला सांगाव्यात. कोणत्या सांगाव्यात, आणि सांगाव्यातच का, असा तुमचा प्रश्न.

पाच मला नाही जमणार. माझ्याकडे एकच आहे, आणि ती मी आजवर फक्त एका गिऱ्हाइकाला सांगितली. मी पेणचा. गणपती हा घरचा धंदा. आमच्या कारखान्यातल्या मूर्तींचे डोळे २००५ सालापासून मी आखतो, आणि डाव्या हाताने आखतो.

शाळेत बाईंनी पट्टीने मारून उजव्या हाताने लिहायला लावलं. आजी जेवताना डावा हात मांडीखाली दाबून ठेवायला लावायची. त्यामुळे लिहितो उजव्याने, जेवतो उजव्याने. ब्रश मात्र डाव्या हातातच बसतो, त्याला इलाज नाही. काकांचा नियम ठरलेला: साचे भर, पॉलिश कर, पितांबराला रंग लाव, डोळ्यांना डावा हात लावायचा नाही. मी विचारायचो, शाडू मळताना दोन्ही हात चालतात, साच्यात माती दाबायला डावा अंगठा चालतो, मग डोळ्यांपाशीच काय होतं? काका म्हणायचे, "डोळे म्हणजे देव रे." मी म्हणायचो, प्राणप्रतिष्ठा गिऱ्हाइकाच्या घरी होते, तोवर ती मातीच. हा वाद आमच्यात इतक्या वेळा झालाय की काकू मध्येच उठून चहा टाकायला जायची.

२६ जुलै २००५. तो पाऊस कुणी विसरलेलं नाही. कारखान्यात कमरेएवढं पाणी. खालच्या दोन फळ्यांवरच्या शाडूच्या मूर्ती सकाळपर्यंत पुन्हा चिखल झाल्या होत्या. सोंड नाही, कान नाही, नुसता राखाडी गाळ आणि त्यात रुतलेले पाट. वरच्या फळ्या वाचवताना पत्रा लागून काकांचा उजवा तळहात चिरला, सात टाके पडले. चतुर्थी ७ सप्टेंबरला, म्हणजे त्रेचाळीस दिवस हातात. त्या पावसात शाडू वाळता वाळत नव्हता. शेगड्या लावून, पंखे लावून आम्ही माल उभा केला. रंग झाले. दीडशेच्या आसपास मूर्ती ओळीने मांडलेल्या, सगळ्या आंधळ्या. आणि काकांच्या हातात ब्रश धरवेना.

रात्री त्यांनी मला बसवलं. मी आज्ञाधारकपणे उजव्या हाताने तीन मूर्ती आखल्या. तिन्हींचे डोळे त्यांनी ओल्या फडक्याने पुसून टाकले. मग उठले, शटर अर्धं होतं ते पूर्ण खाली ओढलं, माझ्याकडे पाठ करून शटरकडे तोंड करून स्टुलावर बसले आणि म्हणाले, "कर." एवढंच. डावा हा शब्द त्यांनी उच्चारला नाही.

आखणी म्हणजे काय ते थोडं सांगतो, कारण लोकांना वाटतं बुबुळाचा काळा ठिपका दिला की झालं. आधी डोळ्याचा पांढरा भरायचा, तो वाळला की वरच्या पापणीची रेघ एका श्वासात ओढायची, मग बुबुळ, आणि अगदी शेवटी त्यात चमकेचा पांढरा ठिपका. तो दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला हवा, कारण उजेड एकाच बाजूने येतो. नवशिके तो समोरासमोर देतात आणि मूर्ती तिरळी दिसते. नजर किंचित खाली ठेवायची, कारण मूर्ती चौरंगावर उंच बसते आणि आरतीला उभा राहणारा खालून बघतो. काका उजव्या हाताचे, म्हणून ते आधी गणपतीचा उजवा डोळा आखत, म्हणजे ओल्या रंगावर हात फिरायला नको. मी आधी डावा आखतो. बाकी काडीचा फरक नाही.

पहाटेपर्यंत मी बावीस मूर्ती केल्या. काकांनी शटर उघडलं, एकेक मूर्ती दारातल्या उजेडात नेऊन बघितली. एकही पुसली नाही. चतुर्थीच्या आधी आमचं जुनं गिऱ्हाईक आलं, मुंबईचं, वडिलांच्या वेळेपासूनचं. मूर्तीसमोर हात जोडून म्हणालं, "काका, नजर तुमचीच." काकांनी मान डोलावली.

ती डोलावलेली मान मला अजून बोचते. त्यानंतर काकांचा हात पुरता बरा झाला, तरी डोळे माझ्याकडेच राहिले, फक्त आतल्या खोलीत, पडद्यामागे. माझं म्हणणं, सांगून टाकू. त्यांचं म्हणणं, गिऱ्हाईक जाईल.

शेवटी २०१९ला मी एका गिऱ्हाइकाला सांगितलंच. पुढच्या वर्षी ते आलं नाही. काका म्हणाले, "बघ." बघितलं. एक गेलं. पण मला सांगा, मागणारा स्वतः डाव्या सोंडेचा गणपती मागतो, उजव्या सोंडेचं सोवळं झेपणार नाही म्हणून. सोंड डावी चालते आणि हात डावा चालत नाही? २०२० साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पीओपीच्या, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवर बंदीच्या सूचना काढल्या, तेव्हापासून माणसं माती खरी शाडूची ना, रंग कसला, असे दहा प्रश्न विचारतात. विचारावेतच. पीओपी शाडू म्हणून खपवणारे आहेत, ती फसवणूक आहे. माझा हात ही फसवणूक नव्हती. तो पडद्याआड ठेवला म्हणून फसवणुकीसारखा दिसायला लागला.

म्हणून तुम्हाला माझं स्पष्ट मत: आवडता रंग, मांजराचं नाव, लहानपणी कुठे राहायचो, असल्या पाच गोष्टी लिहू नका. त्यांनी मडक्यात काही फरक पडत नाही. जी गोष्ट तुमच्या हातातून थेट भांड्यात उतरते आणि जी लपवायचा सल्ला तुम्हाला मिळालाय, ती एकच सांगा. गिऱ्हाइकाला पटली नाही तर जाईल, जाऊ दे.

हां, आता एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. कारखाना आमचा स्वतःचा आहे म्हणून मला हे बोलता येतं. दुसऱ्याकडे रोजावर आखणी करणाऱ्या पोराने हे बोललं तर त्याची रोजी जाईल, त्याला मी असला सल्ला देणार नाही. तुम्हीही कुणाच्या भट्टीवर भाजून घेत असाल तर आधी त्यांच्याशी बोला. आणि ऐन सीझनमध्ये तर नकोच. आमच्याकडे परदेशी जाणारे गणपती पावसाळ्याआधीच रवाना होतात, मग श्रावणात गिऱ्हाइकाची गर्दी. ज्याला सांगायचं त्याला दिवाळीनंतर निवांत बोलावून सांगावं.

काका आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत, हात थरथरतो. तरी घरच्या गणपतीचे डोळे अजून तेच आखतात, मला हात लावू देत नाहीत. गेल्या वर्षी पापणीची रेघ तीनदा पुसली. मी शेजारी बसून डाव्या हाताने त्यांचं मनगट धरलं, तेव्हा चौथ्यांदा ती नीट आली. त्यांनी मनगट सोडवून घेतलं नाही.