कधीपासून, कधीपर्यंत

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा रविवारी तू कळव्याहून आलीस, लॅपटॉपवर 17 व्या लोकसभेच्या काळातल्या महाराष्ट्राच्या राज्यसभा सदस्यांची यादी उघडलीस आणि दोन तास एकच वाक्य म्हणत राहिलीस: "काका, जागा 19 आणि नावं 33. माझंच काहीतरी चुकतंय." तुझ्या सरांनी बजावलंय की महाराष्ट्राच्या राज्यसभेतल्या जागा 19, म्हणजे यादीही 19 चीच हवी. निघताना तू त्यातली 14 नावं खोडायच्या तयारीत होतीस. तू गेल्यावर मला झोप लागली नाही.

तुझं चुकलेलं नाही. रात्री माझी कार्डं काढून पुन्हा मोजलं. 17 व्या लोकसभेची पहिली बैठक 17 जून 2019 ला झाली आणि ती लोकसभा 5 जून 2024 ला विसर्जित झाली. त्या काळात महाराष्ट्रातून निवडून गेलेले राज्यसभेचे सदस्य 33 च होतात. एकही खोडायचं नाही.

गोंधळ कुठे झाला ते सांगतो. तू लोकसभेची मुदत घेतलीस आणि ती राज्यसभेवर बेतलीस. राज्यसभेला मुदत नाही. ती विसर्जित होत नाही. दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात, नवे येतात, सभागृह चालूच राहतं. मुदत असते ती सदस्याची, सहा वर्षांची. म्हणून राज्यसभेच्या यादीत नावापुढे दोन तारखा लागतात: कधीपासून, कधीपर्यंत. या दोन तारखा नसतील तर ती यादी नाही, ती नुसती नावं आहेत. हे मी तुला रविवारी तीनदा सांगितलं. तू मान डोलावलीस आणि मग विचारलंस, "पण काका, तारखेने फरक काय पडतो?"

राग आला मला. तरी उत्तर देतो.

डॉ. मनमोहन सिंग 1991 पासून राज्यसभेत होते, आसामातून. त्यांची मुदत 14 जून 2019 ला संपली. राजस्थानातून ते पुन्हा निवडून आले 19 ऑगस्ट 2019 ला. मधल्या काळात 30 जुलैला तिहेरी तलाकचं विधेयक राज्यसभेत 99 विरुद्ध 84 मतांनी संमत झालं. 5 ऑगस्टला जम्मू-काश्मीरच्या पुनर्रचनेचं विधेयक संमत झालं. त्या दोन्ही दिवशी मनमोहन सिंग त्या सभागृहाचे सदस्य नव्हते. आता "मनमोहन सिंग, राजस्थान, 2019 ते 2024" एवढंच लिहिलेली यादी कुणी वाचली, तर तो म्हणेल की ते गैरहजर राहिले, किंवा गप्प बसले. माणसावर आळ येतो, बाळा. दोन तारखा न लिहिल्याने येतो. एवढा फरक पडतो.

हे मला कुणी शिकवलं नाही, एका पोस्टकार्डाने शिकवलं. नव्वदच्या दशकात मी एका वर्तमानपत्राच्या संदर्भ विभागात होतो. वार्षिकांकासाठी राज्यसभेची यादी माझ्याकडे आली. पानात जागा 19 ओळींची. एक सदस्य पोटनिवडणुकीने मध्येच आले होते, दीड-एक वर्षासाठी, आणि अंक निघेपर्यंत निवृत्तही झाले होते. विसावी ओळ बसत नव्हती. वरिष्ठ म्हणाले, काढा. मी काढली. वाद घातला नाही, कारण मलाही ते पान नीटनेटकं दिसायला हवं होतं. महिन्याभराने त्यांच्या गावच्या एका शिक्षकांचं कार्ड आलं. "आमच्या गावचा माणूस दिल्लीत बसला होता. तुमच्या पुस्तकात तो बसलेला नाही. पोरांना काय सांगू?" एवढंच. मी उत्तर लिहायला तीनदा कागद घेतला आणि तीनदा बाजूला ठेवला. उत्तर गेलंच नाही. ते शिक्षक आता नसतील. ती ओळ आजही माझ्या अंगावर आहे, आणि तू एका फटक्यात 14 काढायला निघाली होतीस.

त्यानंतर मी माझी कार्डं वेगळी केली. एका सदस्याच्या एका मुदतीला एक कार्ड. "कधीपासून" शाईने. "कधीपर्यंत" शिसपेन्सिलीने, कारण ती तारीख आपल्या हातात नसते. मुदत खरोखर संपली की मगच पेन्सिल पुसून शाई. निवृत्तीनंतरही ही सवय सुटली नाही. खोकी घरीच आहेत, तू पाहिलीस. राजीव सातव यांचं कार्ड काढून बघ. ते एप्रिल 2020 मध्ये राज्यसभेत आले, म्हणून मी पेन्सिलीने 2 एप्रिल 2026 लिहिलं होतं. 16 मे 2021 ला ते कोविडनंतरच्या आजारात वारले, 46 व्या वर्षी. मी तो आकडा खोडरबराने पुसला तेव्हा कार्डाचा पापुद्रा निघाला. तिथे शाई फुटली आहे. त्यांच्या जागी रजनी पाटील बिनविरोध आल्या, त्या उरलेल्या मुदतीपुरत्या. पोटनिवडणुकीने आलेल्याला नवी सहा वर्षं मिळत नाहीत. सातवांचं नाव खोडणार होतीस की पाटील यांचं?

33 कसे होतात तेही एकदा नीट बघ, म्हणजे सरांसमोर अडखळणार नाहीस. जून 2019 मध्ये तीन तुकड्या बसलेल्या होत्या: 2014 ची सात जणांची, 2016 ची सहांची, 2018 ची सहांची. 2014 च्या तुकडीतले मुरली देवरा तेव्हा नव्हते, त्यांचं 2014 मध्येच निधन झालं. त्यांच्या जागी अमर साबळे होते. (मिलिंद देवरा 2024 मध्ये आले. नुसतं "देवरा" लिहिलंस तर बाप-लेक एक होतील.) एप्रिल 2020 ला सात जागा भरल्या, त्यात शरद पवार आणि रामदास आठवले परत आले, पाच नवे, सातवांच्या जागी आलेल्या पाटील धरून सहा. जुलै 2022 ला पीयूष गोयल, संजय राऊत, प्रफुल्ल पटेल परत आणि अनिल बोंडे, धनंजय महाडिक, इम्रान प्रतापगढी नवे. एप्रिल 2024 ला पाच नवे आणि सहावे पुन्हा पटेलच. 19 अधिक सहा, तीन आणि पाच.

पटेलांची ती गोष्ट विसरू नकोस. त्यांची 2022 ची मुदत 2028 पर्यंत होती. ती अर्ध्यावर सोडून ते फेब्रुवारी 2024 मध्ये नव्या जागेवर निवडून आले. रिकाम्या झालेल्या जागेवर सुनेत्रा पवार बिनविरोध आल्या, पण 18 जून 2024 ला, लोकसभा विसर्जित झाल्यावर. त्या तुझ्या यादीत येत नाहीत. तेरा दिवसांनी हुकल्या. संभाजीराजेही नाहीत, ते कोल्हापूरचे असले तरी राष्ट्रपतींनी नेमलेल्या 12 जणांतले होते. उलट चिदंबरम आणि मुरलीधरन हे दोघे दक्षिणेतले, पण जागा महाराष्ट्राची. सुरेश प्रभू आपले, पण आंध्र प्रदेशातून.

आणि "कधीपासून" म्हणजे कुठली तारीख, हे आधी ठरव. निवड, मुदत आणि शपथ या तीन वेगळ्या गोष्टी. उदयनराजे भोसले मार्च 2020 मध्ये बिनविरोध झाले, मुदत एप्रिलमध्ये सुरू झाली, कोविडमुळे शपथ झाली 22 जुलैला. मुदतीची तारीख धर, शपथेची शेजारी लिही.

पक्षाच्या रकान्यालाही तारीख लागते, हे ठाण्यात वाढलेल्या मुलीला सांगावं लागू नये. 10 जून 2022 ला राज्यसभेचं मतदान झालं. मतमोजणी अडली, निकाल 11 च्या पहाटे लागला. त्यानंतर दहा दिवसांनी आपल्याच शहरातले आमदार एकनाथ शिंदे सुरतेला गेले, शिवसेना फुटली आणि पुढचं सगळं तू डोळ्यांनी पाहिलंस. 17 फेब्रुवारी 2023 ला निवडणूक आयोगाने शिवसेनेचं नाव आणि चिन्ह शिंदे गटाला दिलं. म्हणजे 2018 च्या अनिल देसाईंपुढे लिहिलेली "शिवसेना" आणि 2024 च्या मिलिंद देवरांपुढे लिहिलेली "शिवसेना" एक नाही. राष्ट्रवादीचंही तसंच. तारीख नसेल तर हा रकाना खोटं बोलेल.

माझ्याबरोबरचे लोक पुढे गेले. संपादकीय लिहू लागले, दिल्लीला गेले. मी कार्डं लिहीत राहिलो. घरातही ऐकलं की या खोक्यांनी काय दिलं. मी तेव्हा बरोबर होतो आणि आजही आहे. एखादा माणूस लोकांच्या वतीने एखाद्या खुर्चीवर नेमका कोणत्या दिवसापासून कोणत्या दिवसापर्यंत बसला, हे कुणीतरी लिहून ठेवलंच पाहिजे. ते काम छोटं आहे असं मला कधीच वाटलं नाही.

सर 19 वर अडून बसले तर भांडू नकोस, पण नावंही खोडू नकोस. 19 ओळी कर. एक ओळ म्हणजे एक जागा, आणि त्या ओळीत एकामागून एक बसलेली माणसं, प्रत्येकापुढे दोन तारखा. सरांचे 19 ही राहतील, तुझे 33 ही. जुनी वर्षं हवी असतील तर ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जा, 1893 पासूनची संस्था आहे, तुझ्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटं.

सातवांच्या ओळीत त्यांचं आणि पाटील यांचं नाव चिकटून लिहू नकोस. मे 2021 ते सप्टेंबर 2021 त्या खुर्चीवर महाराष्ट्राचं कुणी नव्हतं. तेवढी जागा मोकळी सोड आणि तिथेही दोन तारखा लिही.

तुझा,
काका