‘कसं’ लिहिल्याशिवाय पेटंट फाइल करू नकोस

अरे मित्रा,

तुझ्या सॉफ्टवेअरच्या पेटंट अर्जाचा ड्राफ्ट काल रात्री बसून पूर्ण वाचला. आयडिया छान आहे, खरंच. पण तिसऱ्या पानावर चौकोन काढून त्यात ‘विश्लेषण मॉड्यूल’ लिहिलंयस आणि बाण सरळ पुढे नेलायस ना, तिथे मी अडकलो, कारण तुझं सगळं नवं काम त्या चौकोनाच्या आत आहे आणि आत काय होतं त्यावर एक ओळ नाही.

पेटंट म्हणजे सौदा असतो बघ. अर्ज केल्यापासून 20 वर्षांचा हक्क मिळतो, आणि बदल्यात त्या विषयातल्या जाणकाराला वाचून ते बनवता येईल इतकं उघड करून सांगावं लागतं. युरोपच्या पेटंट करारात हे कलम 83 मधे आहे, अमेरिकेच्या पेटंट कायद्यात कलम 112 मधे, आणि अमेरिकेत त्याशिवाय अर्जाच्या दिवशी तो शोध खरंच तुझ्या हातात होता हेही वर्णनातून दिसावं लागतं.

सोर्स कोड द्यावा लागतो का विचारलंस. सहसा नाही. 1997 मधे फोनार विरुद्ध जनरल इलेक्ट्रिक खटल्यात अमेरिकन कोर्टाने हेच म्हटलं, की सॉफ्टवेअरची कामं नीट सांगितली असतील तर कोड लिहिणं जाणकाराला जमतं. एवढंच वाचून बरेच जण निवांत होतात आणि तिथेच फसतात. 2008 चं अ‍ॅरिस्टोक्रॅट प्रकरण बघ, स्लॉट मशीनचं पेटंट, दाव्यात (म्हणजे नेमका कशावर हक्क हवा ते जिथे लिहितात त्या भागात) ‘कंट्रोल मीन्स’, म्हणजे नुसतं ‘नियंत्रणाचं साधन’, आणि वर्णनात एवढंच की योग्य प्रोग्रॅमिंग केलेला साधा कॉम्प्युटर. अल्गोरिदम, म्हणजे ते काम करायच्या पायऱ्या, कुठंय, असं कोर्टाने विचारलं आणि दावे रद्द ठरले. मग लोक ‘मीन्स’ टाळून ‘मॉड्यूल’ लिहायला लागले, तर 2015 च्या विल्यमसन निकालात ‘मॉड्यूल’लाही तोच नियम लागला, की नुसतं काम सांगून भागत नाही, ते कसं होतं तेही वर्णनात हवं. तुझ्या चौकोनावर नेमका तोच शब्द आहे म्हणून एवढं सांगतोय.

अल्गोरिदम कसा मांडायचा याची सक्ती नाही, सूत्र चालतं, फ्लोचार्ट चालतो, साधी वाक्यंही चालतात. इनपुट काय येतं, कुठल्या क्रमाने काय होतं, निर्णयासाठी मर्यादा-किंमत (थ्रेशोल्ड) वापरतोस ती कशावरून ठरवलीस, डेटा अर्धवट आला तर काय करतोस, सगळं लिही.

आणि पहिला दावा फार पसरट झालाय. 2005 च्या लिझार्डटेक खटल्यात इमेज कॉम्प्रेशनची एकच पद्धत सांगून सगळ्याच पद्धतींवर हक्क मागितला होता, तो दावा टिकला नाही. तुला दुसऱ्या दोन पद्धती माहीत आहेत, मला फोनवर बोललेलास, मग त्या ड्राफ्टमधे का नाहीत?

हे सगळं फाइल करायच्या आधीच हवं, कारण नंतर त्याच अर्जात नवीन माहिती घालता येत नाही. माझ्या पहिल्या अर्जाचं हेच झालं, परीक्षकाने विचारलं की हा स्कोअर काढता कसा, उत्तर माझ्या वहीत होतं पण अर्जात नव्हतं, आणि तो दावा सोडावा लागला. अजून मनाला लागतं ते.

तो भाग गुप्तच ठेवायचा असेल तर तसं सांग, मग पेटंट न घेता ट्रेड सीक्रेट, म्हणजे धंद्याचं गुपित, म्हणून सांभाळू, पण दोन्ही एकदम मिळणार नाही. नाहीतर त्या एका चौकोनाची दोन-तीन पानं करून पाठव, वकिलाकडे जायच्या आधी मी परत वाचतो.