पौर्णिमेच्या संध्याकाळी नदी रिकामी का?

प्रश्न : निवृत्तीनंतर आम्ही डोंबिवलीहून चिपळूणला, गोवळकोटजवळ राहायला आलो. संध्याकाळी सहाच्या सुमारास मी धक्क्यापर्यंत फिरायला जाते. कधी वाशिष्ठी काठोकाठ भरलेली, कधी निम्मा चिखलच. एखाद्या दिवशी पाणी चक्क डोंगराकडे चाललेलं दिसतं. पौर्णिमेला मोठी भरती असते म्हणून पाहुण्यांना मुद्दाम घेऊन गेले, तर पाणी नेहमीपेक्षाही खाली! मोबाइलवरची दाभोळची वेळही जुळत नाही. आधी अंदाज कसा घ्यावा? आणि नातवाला चिखलात उतरू द्यावं का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, पौर्णिमा तुम्ही बरोबर निवडलीत, फक्त पाहुण्यांना रात्री एक वाजता न्यायला हवं होतं.

उधाण अमावास्या-पौर्णिमेलाच येतं, हे खरं. पण ते वाटेल त्या वेळी येत नाही. आपल्या किनाऱ्यावर त्या दोन्ही तिथींना पूर्ण भरती साधारण दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास असते. मग मधे सहाच्या सुमाराला काय असणार? सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. तीही उधाणाची, म्हणजे महिन्यातली सगळ्यात खोल. चंद्र वर येतोय आणि खाली नुसता चिखल, हे कोकणातल्या खाड्यांचं ठरलेलं दृश्य आहे. चित्रकारांना ते पटत नाही, त्याला आपण काय करणार.

खाडीवरचा जुना हिशेब तिथीच्या पाऊणपटीचा. तिथीला पाऊणने गुणा, येईल तितक्या वाजता मुखाशी भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ; पौर्णिमा किंवा अमावास्या पंधरा धरली की सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, मोजणी प्रतिपदेपासून नव्याने. दिवसाची वेळ निघाली की रात्रीचीही तीच, कारण दोन भरत्यांमध्ये सव्वाबारा-साडेबारा तास जातात. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. चंद्र तेवढा उशिरा येतो, म्हणून. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पण भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर भागतो, हा त्याचा मोठा गुण.

आता मोबाइल. तो खोटं सांगत नाही, तो दाभोळचं सांगतो. दाभोळ-अंजनवेलच्या मुखापासून गोवळकोटपर्यंत नदीच्या वळणांनी चाळीसेक किलोमीटर अंतर आहे. भरतीची लाट उथळ पाण्यात हळू चालते. पाच मीटर खोलीत तिचा वेग सेकंदाला सात मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी पंचवीस किलोमीटर. तळ आणि वळणं तिला आणखी अडवतात. त्यामुळे दाभोळच्या वेळेत दोन तास मिळवा आणि काही दिवस स्वतः पाहून तो आकडा दुरुस्त करा. तुमच्या धक्क्याचा आकडा तुमच्याइतका अचूक कोणी काढणार नाही.

या दोन तासांमुळे तुमचं सहाचं गणित असं बसतं : काठोकाठ नदी हवी तर चतुर्थी-पंचमी. पाणी डोंगराकडे जाताना पाहायचं तर अष्टमी ते दशमी, तेव्हा सहाला वर भरती चढत असते. मात्र हे भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे दिवस, ओढ मंद असते. नुसत्या नजरेला ती कळली नाही तर तरंगणारी एखादी झावळी हेरा. प्रवाह काठालगत आधी फिरतो, मध्यात उशिरा. म्हणून कधी कधी कडेची झावळी चिपळूणकडे आणि मधली दाभोळकडे जाताना दिसते. मला विचाराल तर फिरायला जाण्यासारखी वेळ हीच. भरलेली नदी सगळेच बघतात.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण पुढेमागे ती तुम्हाला चकवणार. वाशिष्ठीत सगळं पाणी तिचं नाही. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यांनी पश्चिमेला येतं, वीजगृहांतून कोळकेवाडीच्या धरणात साठतं, तिथे पुन्हा वीज करून अवजल म्हणून वाशिष्ठीला मिळतं. पश्चिमेकडे वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वळवायला कृष्णा पाणीवाटप लवादाची परवानगी आहे. त्यामुळे कोकणातल्या इतर नद्या वरच्या अंगाला मे महिन्यात दगड दाखवत असतात, तेव्हाही हिला पाणी असतं. पण वीज मागणीप्रमाणे बनते, आणि मागणी संध्याकाळी चढते. तिथीप्रमाणे पाणी उतरायला हवं आणि ते हटत नाही, असं दिसलं तर पंचांगाला दोष देण्याआधी कोळकेवाडीकडे बघा. हे गोडं पाणी हलकं, म्हणून वरून समुद्राकडे जातं, आणि त्याच वेळी खालून जड खारं पाणी वर सरकत असू शकतं.

पावसाळ्यात हा सगळा हिशेब गुंडाळून ठेवा. पुराच्या पाण्यापुढे पाऊणपट टिकत नाही. २२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं तेव्हा गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती. वरून डोंगरातलं पाणी, खालून उधाणाकडे चाललेली भरती, मग नदीला उतरायला जागा कुठे? जुलै-ऑगस्टमध्ये तिथी बघायची ती फिरण्यासाठी नाही, सामान माळ्यावर चढवायचं का, हे ठरवण्यासाठी.

नातवाचं मात्र स्पष्ट सांगते : नाही. वाशिष्ठीत मगरी आहेत, आणि सुकतीला त्या चिखलावरच अंग शेकत पडतात. मुसळधार पावसात तर चिपळूणच्या रस्त्यावरही मगर आलेली लोकांनी पाहिली आहे. दुसरं म्हणजे तो चिखल मांडीपर्यंत आत घेतो, आणि मोठ्या माणसालाही पाय सोडवताना घाम फुटतो. मुलाला निवट्या बघायच्या असतील, आणि त्या बघण्यासारख्याच आहेत, कारण मासा असून चिखलावर उड्या मारतात, तर त्या धक्क्यावरूनही दिसतात. त्यासाठी त्रयोदशी ते पौर्णिमा किंवा अमावास्या गाठा. सहाला चिखल उघडा असतो. पाहुणे पुन्हा आले तर त्यांनाही तेच दाखवा.