औषध ‘उष्ण’ असतं, त्याचं तापमान नसतं

चिनी वैद्यकावरच्या एका लेखाचं मराठी भाषांतर करणाऱ्या ताईंनी विचारलंय: ‘वनौषधींच्या मिश्रणांचे तापमान मोजणे’ हे शीर्षक चालेल का? आणि मुळात ‘गरम’ व ‘कोमट’ अशी औषधांची वर्गवारी आहे, ती तशीच ठेवावी का?

माझ्या मते दोन्ही बदलायला हवं.

तापमान हे वस्तूचं असतं, थर्मामीटरने कळतं. फ्रिजमधून काढलेला हापूस हाताला गारेगार लागतो, तरी आई म्हणतेच, ‘दोनच खा, उष्ण पडतो.’ इथलं क्रियापद बघा: ‘पडतो’. आंबा उष्ण ‘आहे’ असंही आपण म्हणतो, पण तो ‘पडतो’ खाणाऱ्याला. एकाला पडतो, दुसऱ्याला नाही. चिनी वैद्यकातला उष्णपणाही असाच, औषध शरीरात काय करतं यावरून ठरवलेला. म्हणजे नेमका शब्द आपल्या स्वयंपाकघरात तयार आहे: उष्ण.

अडचण पायऱ्यांची आहे. मराठीत उष्ण आणि थंड असे दोनच खण. चिनी परंपरेत चार: ‘हान’ (शीत), ‘ल्यांग’ (त्याहून सौम्य), ‘वन’ (बेताचा उष्ण) आणि ‘रअ’ (पूर्ण उष्ण). शिवाय कुठेच न झुकणारा ‘फिंग’. लिहितानाही फरक दिसतो: ‘वन’च्या चिन्हात डावीकडे पाण्याचे तीन थेंब, तर ‘रअ’च्या पायाशी आगीचे चार ठिपके. आलं आणि सुंठ घ्या. तिथे ओलं आलं जेमतेम ‘वन’ मानतात, सुंठ मात्र ‘रअ’. सुंठ जपून घालणाऱ्या आपल्या घरांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

या ‘वन’ला कोमट म्हणू नये. ‘कोमट औषध’ वाचलं की वाचक काढा कोमट करून प्यायचा असं समजेल. अमरकोशात कोमटसाठी कोष्ण, कवोष्ण, मंदोष्ण, कदुष्ण असे चार-चार शब्द आहेत. मंदोष्णचा मोह मला फार होतो, पण तेही सगळे स्पर्शाचेच. ‘ऊबदार’ तर गोधडीला शोभतं. मी ‘सौम्य उष्ण’ आणि ‘सौम्य शीत’ लिहीन, ‘फिंग’ला ‘सम’. आयुर्वेदातला ‘वीर्य’ (औषधाचा उष्ण-शीत गुण) जवळचा आहे, तुलनेसाठी जरूर वापरा. पण त्याच्यामागे रस (चव) आणि विपाक (पचनानंतरचा परिणाम) यांची स्वतंत्र मांडणी आहे, ती चिनी औषधाच्या माथी मारू नये.

आता ‘मोजणे’. मिश्रणांत खरी गंमत आहे. ‘च्वोचिन वान’ नावाची जुनी गोळी आहे (पहिला च चमच्यातला, दुसरा चिमटीतला). तिच्यात दोनच औषधं: ह्वांगल्यन ही पिवळी कडूजहर मुळी शीत, आणि वूचूयू हे बारीक फळ उष्ण. प्रमाण 6 ला 1, म्हणून गोळी शीत. प्रमाण उलटं, 1 ला 6 केलं की तीच जोडी उष्ण गणली जाते. हे पडताळायला चीनमधल्या संशोधकांनी उंदरांना औषध देऊन एक गरम आणि एक गार अशा दोन पट्ट्यांवर मोकळं सोडलं आणि कोण कुठे किती वेळ थांबतो ते नोंदवलं. शीत औषध पोटात गेलेला उंदीर ऊब शोधेल, हा त्यामागचा तर्क. इथे मिनिटं मोजली जातात. उष्णपणाचा त्यावरून अंदाज बांधला जातो. या कामाला आपल्याकडे सुरेख क्रियापद आहे: अजमावणे.

म्हणून शीर्षक असं करा: ‘औषधांची मिश्रणे किती उष्ण, हे कसे अजमावतात?’ उंदरांच्या पट्ट्यांचं मात्र ‘तापमान’च लिहा, तिथे तो शब्द अगदी जागेवर आहे.