झाड नाही, पण पोपट आहेत

प्रश्न : न्यूझीलंडच्या दक्षिणेला अँटिपोडीज नावाची निर्मनुष्य बेटं आहेत, तिथे एकही झाड नाही, तरी पोपट राहतात आणि ते मांस खातात, असं माझा भाचा सांगतो. मला फिरवतोय का तो?

उत्तर : नाही, भाचा खरं बोलतोय. मुख्य भूमीपासून सातशेहून जास्त किलोमीटर दूर, सतत वाऱ्याचा मारा. तिथे टिकतं ते टसॉक नावाचं ठोंबाठोंबांनी वाढणारं गवत, नेचे आणि खुरटी झुडपं. त्यात पोपटांच्या दोन जाती राहतात. एकाच्या डोक्यावर लाल टोपी, दुसरा नखशिखांत हिरवा. हा हिरवा अँटिपोडीज पोपट मूळचा फक्त या बेटांवरचाच. ढोली कुठून आणणार? तो गवताच्या मुळाशी बिळात अंडी घालतो. पोट भरतं मुख्यतः गवताची पाती चघळून. मेलेले पेंग्विन आणि इतर समुद्रपक्षीही तो टोचून खातो.

आणि शिकारही करतो. करड्या पाठीचा स्टॉर्म पेट्रेल हा चिमणीहून फार मोठा नसलेला समुद्रपक्षी गवताखालच्या घरट्यात अंडं उबवत बसलेला असतो. पोपट आत घुसून त्याला मारतो आणि खातो. ‘पोपट शाकाहारी’ हे आपणच ठरवलेलं. त्याला कुणी विचारलं नव्हतं. न्यूझीलंडचाच किआ पोपटही समुद्रपक्ष्यांची पिल्लं बिळातून उकरून खातो, हेही भाच्याला सांगा, त्याच्या पुढच्या थापेसाठी... माफ करा, माहितीसाठी.

प्रश्न : याच बेटांवर हेलिकॉप्टरमधून विष टाकून उंदीर मारले म्हणे. हे कसलं निसर्गप्रेम?

उत्तर : उंदरांची कीव मलाही येते. जहाजांतून आले, यात त्यांचा काय दोष? पण अंदाजे दोन लाख उंदीर किडे आणि बिया फस्त करत होते. किड्यांच्या काही जाती मुख्य बेटावरून नाहीशाच झाल्या, म्हणजे किड्यांवर जगणाऱ्या पक्ष्यांच्या तोंडचा घास गेला. म्हणून २०१६ च्या हिवाळ्यात सुमारे ६५ टन विषारी गोळ्यांचं आमिष टाकलं. हिवाळाच का? तेव्हा उंदीर भुकेले असतात आणि त्यांची वीण थांबलेली असते. समुद्रपक्ष्यांचं अन्न समुद्रात, त्यामुळे ते गोळ्यांकडे वळत नाहीत. जमिनीवर चरणाऱ्या पक्ष्यांना मात्र धोका होता आणि तो जाणूनबुजून पत्करला गेला. दोन वर्षं थांबून, कसून तपासणी करून २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं. मला विचाराल तर हिशेब बरोबर होता.

प्रश्न : तिथे सहलीला जाता येतं का?

उत्तर : उतरता येत नाही. १९९८ पासून हा जागतिक वारसा आहे आणि परवानगी संशोधनासारख्या कामासाठीच मिळते. काही जहाजं किनाऱ्याजवळून फिरवतात. तसं गेलात तर ताठ तुऱ्याचा पेंग्विन शोधा. तो अंडी घालतो फक्त इथे आणि शेजारच्या बाउंटी बेटांवर. दोन अंडी असतात, पण पहिलं खूपच लहान आणि बहुधा वायाच जातं. जाताना दुर्बीण न्या आणि उलटी थांबवणाऱ्या गोळ्या विसरू नका.