टेलिस्कोप नाही, विज्ञानाची पदवी नाही; तरी घरबसल्या खगोलशास्त्रज्ञांच्या खऱ्या उपयोगी पडता येतं का?

येतं, अगदी शोधनिबंधात नाव लागण्याइतकं. मी स्वतः कॉमर्सवाला. रात्रीची जेवणं उरकली की ‘बॅकयार्ड वर्ल्ड्स: प्लॅनेट नाइन’ हा ऑनलाइन प्रकल्प उघडून बसतो, म्हणून त्याबद्दलच सांगतो.

नासाची ‘वाइज’ ही अवरक्त (इन्फ्रारेड) दुर्बीण डिसेंबर २००९ मध्ये अवकाशात गेली आणि मधली विश्रांती सोडली तर २०२४ पर्यंत आकाश टिपत राहिली. झूनिव्हर्स या स्वयंसेवकांच्या संकेतस्थळावर २०१७ पासून चाललेल्या या प्रकल्पात आकाशाच्या एकाच तुकड्याचे वेगवेगळ्या वर्षांतले फोटो एकामागून एक दिसतात. दूरचे तारे जागच्या जागी राहतात. जवळचं काही असेल तर तो ठिपका सरकतो. तो पकडायचा. हवा असतो तो तपकिरी बटू, म्हणजे ब्राऊन ड्वॉर्फ: ग्रहापेक्षा जड, पण हायड्रोजन पेटता ठेवण्याइतकं वस्तुमान नाही, त्यामुळे आयुष्यभर थंडच होत जाणारा. (ढग आडवे येत नाहीत, त्यामुळे आपल्याकडच्या पावसाळ्यातही हा उद्योग चालू राहतो.)

हे संगणकाला का जमत नाही? काही प्रमाणात जमतं. पण तेजस्वी ताऱ्याभोवती फोटोत किरणांचे काटे, खोटे ठिपके यांची इतकी गर्दी असते की प्रोग्रॅम गोंधळतो. आणि सगळ्यांत मोलाची शिकार नेमकी तिथेच असते.

कारण एकटा तपकिरी बटू सापडला की पंचाईत होते. तो तरुण आणि हलका आहे, की म्हातारा आणि जड? तापमान दोघांचंही सारखं असू शकतं. तो एखाद्या ताऱ्याचा जोडीदार निघाला तर मात्र दोघं वायूच्या एकाच ढगातून जन्मलेले, म्हणून ताऱ्याचं वय आणि घडण त्यालाही लागू. जुळ्यातल्या एकाचा जन्मदाखला हाती आला की दुसऱ्याचं वय विचारावं लागत नाही, तसं. ताऱ्याचं वयही अंदाजानेच काढतात म्हणा, पण तो अंदाज बराच बरा.

‘बीडी+६० १४१७’ या ताऱ्याचं उदाहरण घ्या. एका स्वयंसेवकाला त्याच्या बाजूला, त्याच दिशेने सरकणारा मंद ठिपका दिसला. २०२१ मध्ये निबंध आला: साधारण १५ गुरूंइतकं वस्तुमान, ताऱ्यापासून सूर्य-पृथ्वी अंतराच्या सुमारे १,६६२ पट लांब. नेपच्यून आपल्या सूर्यापासून ३० पटच आहे! इतक्या लांब जोडीदार असेल असं कोणाच्या डोक्यात नव्हतं, त्यामुळे तिथे कोणी शोधलंच नव्हतं. पुढे २०२४ च्या एका निबंधात असे ८९ थंड जोडीदार एकदम आले.

सुरुवात केलीत तर एक करा. सरकणारा ठिपका मिळाला की तो सिंबॅड या माहीत असलेल्या ताऱ्यांच्या ऑनलाइन यादीत आधीच आहे का ते बघा. बरेचदा असतोच, नाराज होऊ नका. नसेल तर आजूबाजूच्या ताऱ्यांच्या सरकण्याची दिशा आणि वेग ताऱ्यांच्या जागा मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या नोंदींत तपासा. दोन्ही तुमच्या ठिपक्याशी जुळले तर प्रकल्पाच्या शास्त्रज्ञांना लगेच कळवा. खात्रीसाठी वर्णपट, म्हणजे प्रकाशाची रंगांत फोड, घ्यायला मोठ्या दुर्बिणी लागतात, ते काम शास्त्रज्ञांचं. आणि नाव ‘प्लॅनेट नाइन’ असलं तरी सूर्यमालेतल्या नवव्या ग्रहाच्या आशेने येऊ नका, तो अजून कोणालाच सापडलेला नाही.