जुन्या बुलेटचे फूटरेस्ट मागे घ्यायचेत, माउंट रत्नागिरीतच फॅब्रिकेटरकडून बनवून घेता येतील का?

येतील. ८ मिमी माइल्ड स्टीलची प्लेट घ्या. अ‍ॅल्युमिनियम दिसतं छान, पण खाऱ्या हवेत त्यात स्टीलचे बोल्ट पांढरी भुकटी धरून जाम होतात.

नेहमीचे बूट घालून गाडीवर बसा, जागा ठरवा, पुठ्ठ्याचा साचा कापा. बॅटरीच्या वायरी सोडा, मग प्लेट आधी नुसती टॅक करा, म्हणजे ठिपक्याएवढ्या वेल्डने तात्पुरती धरा. किक पूर्ण फिरते का, सायलेन्सर आड येतो का, हे बघूनच पक्कं वेल्डिंग.

खरी गोम लिंकेजमध्ये, म्हणजे मागे गेलेली पेडलं गिअर-ब्रेकला जोडणाऱ्या रॉड-लिव्हरमध्ये. गिअरचा रॉड दोन्ही लिव्हरना ९० अंशांत हवा, नाहीतर एका बाजूचा गिअर सहज पडतो, दुसरीकडचा अडतो. रॉडच्या एका टोकाला उलटे आटे ठेवले तर न सोडता लांबी जुळवता येते. ब्रेक पेडलच्या दोन्ही भुजांचं प्रमाण मूळचंच ठेवा. पायाकडची भुजा आखूड झाली की ब्रेकला जोर जास्त लागतो. पेडल ज्यावर फिरतं त्या पिव्हटला पितळी बुश (आतली नळी) आणि ग्रीस. रिटर्न स्प्रिंग आणि ब्रेकलाइटचा स्विच बहुतेकजण विसरतात.

वेल्डवरचा स्लॅग (जमलेली काळी खपली) झाडून झिंक प्रायमर मारा, प्लेटच्या मागच्या बाजूलासुद्धा. गंज तिथूनच सुरू होतो.